तळघरातली पिवळी वाइन

"कोंबडी नेहमीसारखीच हवी," गास्पार म्हणाला. "क्रीम घालताना हात आखडू नकोस. आणि अळंबी रानातलीच, डब्यातली नको."

सोलांज कांदा चिरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "माणसं किती?"

"पाच-सहा धर. शनिवारी ब्रसेल्सची मादाम देलकूर येतेय, तिच्याबरोबर दोघं जण. मोठी घेणारी आहे, बरं का. तिला वाइन आवडली ना, तर पुढची सगळी वर्षं आपलीच."

"आपली म्हणजे कुणाची?"

"अगं, घरचीच की सगळी!" गास्पार हसला. मग कमरेवर हात ठेवून कण्हला. "पाठ धरलीये माझी. बाटल्या तूच वर आण तळघरातून. ही किल्ली. आणि हे बघ, आधी माझ्या वरच्या मळ्यातली वाढायची. मग खालच्या जुन्या पिंपांतली. उलटं करू नकोस. चांगली आधी पोटात गेली की नंतरची पाणी लागते."

"मला शिकवतोस?"

"तू स्वयंपाकीण गं. वाइन तुझं काम नाही."

किल्ली कांद्याच्या सालांत ठेवून तो गेला.

गास्पार म्हणजे सोलांजच्या नवऱ्याचा आतेभाऊ. नवरा, आनातोल, जाऊन बरीच वर्षं झाली. पोलिन्यी गावाच्या वर डोंगराच्या कुशीत त्यांची खानावळ होती. वर खानावळ, खाली तळघर. वर सोलांजचं राज्य, खाली आनातोलचं. तो तिच्या भांड्यांना हात लावायचा नाही, ती त्याच्या पिंपांना. आनातोल गेल्यावर तळघर गास्पारने मागून घेतलं आणि तिने देऊन टाकलं. पायऱ्या उतरायची तिची छातीच नव्हती. गास्पार दर हिवाळ्यात अंगणात लाकडं टाकून जायचा आणि ती दर हिवाळ्यात त्याला म्हणायची, देव तुझं भलं करो.

आनातोल गेला तेव्हा काय झालं होतं, ते आधी सांगायला हवं.

त्या मुलखात पिवळी वाइन करतात. पांढऱ्या द्राक्षांचीच, पण पिवळी म्हणतात. पिंपात घालायची आणि सोडून द्यायची. बाकी जगात पिंपातली वाइन आटली की वरून भरून काढतात. इथे नाही. आटू द्यायची. मग वाइनच्या अंगावर साय धरते, दुधावर धरते तशी, पण पातळ आणि राखाडी. त्या सायीखाली वाइन वर्षानुवर्षं मुरते. त्या पिंपाला धक्का लावायचा नाही, सरकवायचं तर अजिबातच नाही. साय फुटून बुडाली की आतली वाइन मेली म्हणून समजा. पोरंटोरंसुद्धा तळघरात हळू चालतात.

आनातोलने शेवटची तीन पिंपं घातली होती. दुसऱ्याच उन्हाळ्यात तो आजारी पडला. बेझाँसोंच्या हॉस्पिटलात नेला. सोलांज अर्धा आठवडा तिकडे, अर्धा इकडे. पिंपांकडे कोण बघणार? गास्पार म्हणाला, मी आहे ना. एक दिवस तो तळघरातून वर आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "सोलांज, तिन्ही गेली. आंबलीत. वास बघ." त्याने ग्लास पुढे केला. तिने हुंगला. नखांना लावायच्या रंगासारखा उग्र वास. ती स्वयंपाकीण. उन्हाळ्यात, उकाड्यात अशी वाइन मधेच उग्र होते आणि थंडी पडली की आपली आपण ताळ्यावर येते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आनातोलला माहीत होतं. पण आनातोलने वास घेतलाच नव्हता ना.

त्याने हॉस्पिटलात विचारलं, "गास्पार काय म्हणतो?"

ती म्हणाली, "व्हिनेगर झालं म्हणतो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. गास्पारच्या नाकावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. पुन्हा म्हणून त्याने वाइनचं नाव काढलं नाही. बाराव्या वर्षापासून ज्या माणसाने दुसरं काही केलं नाही, तो शेवटचे महिने फक्त हवापाण्याबद्दल बोलला. नोव्हेंबर लागला आणि तो गेला.

गास्पारने सांगितलं, सगळं व्हिनेगरवाल्याला देऊन टाकलं, पिंपं उकळत्या पाण्याने धुतली, आता त्यांत माझी वाइन भरतो. समोरच्या भिंतीला माझी आणखी चार ठेवतो. चालेल ना? चालेल, म्हणाली ती. गावात बोलणं पसरलं की आनातोलची शेवटची वाइन नासली. बिचारा. हातचं कसब गेलं होतं त्याचं. शेवटी शेवटी.

तर ती किल्ली घेऊन सोलांज त्या दिवशी खाली उतरली.

तळघरात दिवा होता तसाच पिवळट. उजव्या भिंतीला गास्पारची चार पिंपं, भरलेली, मुरत पडलेली. डावीकडे आनातोलची तीन, महिन्यापूर्वीच रिकामी करून बाटल्या भरलेली. बाटल्या कोपऱ्यात रचलेल्या, शेजारी गास्पारच्या वरच्या मळ्यातल्या. ती त्या उचलायला वाकली आणि मधल्या पिंपाच्या तोंडाशी तिला काहीतरी दिसलं.

दोन फळ्यांच्या फटीत चरबीचा लपका होता. चरबी आणि राख मळून गळकी फट बुजवतात तसा. वाळलेला, काळा पडलेला. आणि त्यात अंगठा दाबल्याचा ठसा. आखूड, बोथट, नखाशिवायचा अंगठा.

आनातोलचा अंगठा. वेल छाटायच्या कात्रीत वरचं पेर गेलेलं. त्या अर्ध्या अंगठ्याने तो तिच्या कपाळावरचे केस मागे सारायचा.

ती तशीच वाकलेली राहिली. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. चरबी. उकळतं पाणी. पिंप उकळत्या पाण्याने धुतलं असतं तर ही चरबी राहिली असती? लोण्यासारखी वितळून गेली असती. आयुष्यभर चुलीपुढे उभं राहिलेल्या बाईला एवढं कळतं. म्हणजे पिंप धुतलंच नव्हतं. म्हणजे तेव्हा रिकामं केलंच नव्हतं. म्हणजे...

तिने जुन्या पिंपांतली एक बाटली तिथेच फोडली. म्हणजे बूच काढायला काही नव्हतं, तर गळा दगडावर आपटून फोडली. हुंगलं. अक्रोड, भाजलेली मेथी, ओलं लाकूड. जिभेवर ठेवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

पिंपं हलवता येत नव्हती म्हणून चोराने चोरीचा माल तिच्याच घरात ठेवला होता. ती वर कोंबड्या शिजवत होती आणि खाली तिच्या नवऱ्याची वाइन मुरत होती. आणि ती लाकडांसाठी आभार मानत होती! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणून ऐकलं होतं. हा तर माणूस जिवंत असताना खात बसला होता.

दुपारी उलीस आला. उलीस चीज मुरवायचा. कॉम्ते चीजची ही मोठाली चाकं, छोट्या हातोडीने ठोकून नुसत्या आवाजावरून आतलं सांगायचा. आनातोलचा जुना दोस्त. त्याने टेबलावर चीजचा तुकडा ठेवला.

"दोन वर्षं मुरलेलं. गास्पारच्या पाहुण्यांना असलं देणं म्हणजे गाढवाला साखर, पण वाइनला शोभेल."

"आणखी एक हवंय," सोलांज म्हणाली. "सफरचंदं. हिरवी, आंबट. तुझ्या बहिणीकडे अजून असतील."

उलीसने टोपी काढली. "कुणाच्या मयताला?"

त्या मुलखात पोरगंही सांगेल: विकायचं तर चीजबरोबर पाज, घ्यायचं तर सफरचंदाबरोबर चाख. चीज वाइनचे सगळे दोष पोटात घालतं. आंबट सफरचंद एकही झाकत नाही. विकणाऱ्याच्या टेबलावर सफरचंद ठेवणं म्हणजे चारचौघांत त्याच्या मुस्काटात मारणं.

तिने उलीसला खाली नेऊन अंगठा दाखवला. त्याने आपला अंगठा ठशाजवळ धरून पाहिला. मग म्हणाला, "पोलिसात जा."

"आणि काय सांगू? चरबी दाखवू?"

"मग कोंबडी करपव. मिठाचा हात जड कर. काय कमी आहे तुझ्याकडे?"

"वेडा आहेस का तू? ही आनातोलची वाइन आहे. हिला कमी पडेल असं एक पान मी वाढणार नाही. जन्मात केली नसेल अशी कोंबडी करीन. लोकांनी खुर्चीतून उठलं पाहिजे. मला गास्पार हवाय, उलीस. वाइन नकोय."

"म्हणजे नक्की काय हवंय?"

"त्याच्या तोंडून ऐकायचंय. सगळ्यांसमोर. आनातोलची वाइन नासली नव्हती, एवढंच."

"आणि मग?"

"मग बघू."

शनिवारी गास्पार नवा कोट घालून आला. पाठ बरी झालेली दिसत होती. मादाम देलकूर साठीची, बारीक, केस अगदी आखूड. नाकाने बोलायची. तिच्याबरोबरचे दोघे तरुण ती हसली की हसायचे. उलीसला गास्पारने शोभेला बसवलं होतं.

सोलांजने पहाटेपासून कोंबडी मंद आचेवर ठेवली होती. आनातोलची अख्खी बाटली भांड्यात ओतली होती, हात न आखडता. मग क्रीम, मग अळंबी, रात्रभर भिजवलेली, त्या पाण्यासकट. झाकण काढलं तेव्हा वास बाहेरच्या खोलीत गेला आणि तिकडचं बोलणं मधेच थांबलं.

तिने पानं वाढली. आणि ग्लासांत आनातोलची वाइन ओतली. आधी.

गास्पारने बाटली बघितली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, ही नाही. ती दुसरी आधी."

"हो का? स्वयंपाकीण ना मी. चुकले बाई."

परत नेता येईना. मादामने घोट घेतला होता. मग कोंबडीचा घास. मग पुन्हा घोट. डोळे मिटले. तरुणांपैकी एक पाव रश्श्यात बुडवून पुसून खात होता, आईच्या घरी असल्यासारखा.

"मस्यू गास्पार," मादाम म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

"मादाम, पिंपाने केलं. मी फक्त त्रास दिला नाही." गास्पार लाजला. अहो, खरंच लाजला! उलीसचा हात सुरीवर घट्ट झाला.

"नम्र आहात. अशी मी दहा वर्षांत चाखली नाही. जेवढी आहे तेवढी घेते. पुढच्या सालचीही घेईन. पुढची अशीच असेल ना?"

"अशीच. हात तोच, तळघर तेच."

"मग चाखूया की," सोलांज दारातून म्हणाली. "याच्या वरच्या मळ्यातली, त्याच सालची. आणलीये मी."

नवे ग्लास. गास्पारची वाइन. आणि मधोमध एक मोठं ताट. मादामची नजर ताटावर गेली आणि तिच्या भुवया वर चढल्या. हिरव्या सफरचंदांच्या फोडी.

"अरेच्चा," ती म्हणाली. "इथे विकतंय कोण आणि घेतंय कोण?"

गास्पारच्या तोंडाचा रंग उडाला. "सोलांज, चीज कुठाय?"

"येतंय. घाई काय? चांगल्या वाइनला सफरचंदाची कसली भीती?"

मादामने फोड उचलली. कच्चकन चावली. गास्पारची वाइन प्यायली आणि तोंड असं केलं जसं कुणी लिंबाची बी चावावी. "पातळ आहे. आणि शेवटी कडू." मग तीच फोड आणि आनातोलचा उरलेला घोट. ती थांबली. पुन्हा घेतला. "हिला काही होत नाही." तिने दोन्ही ग्लास शेजारी ठेवले. "मस्यू, हे दोन हात आहेत. एका माणसाचे नाहीत."

"माती वेगळी, मादाम. माती..."

"चला खाली," सोलांज म्हणाली. "माती दाखवते."

सगळे उतरले. पाहुण्यांना वाटलं कार्यक्रमच आहे, ग्लास हातात घेऊनच आले. सोलांजने दिवा मधल्या पिंपाजवळ धरला.

"गास्पार, हे पिंप तू उकळत्या पाण्याने धुतलंस ना? आनातोलची नासकी काढून?"

"अगं, आता पाहुण्यांसमोर हे..."

"धुतलंस ना?"

"हो. धुतलं."

"मग ही चरबी कशी राहिली रे? ये. अंगठा लाव इथे. लाव ना! बसतोय का बघ."

त्याने लावला नाही. उलीस पुढे झाला, त्याने गास्पारचं मनगट धरलं आणि अंगठा ठशावर नेऊन दाबला. लांबलचक, नखाचा अंगठा. ठशाच्या बाहेर बोटभर उरला.

"हा कुणाचा ठसा?" मादामने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचा," सोलांज म्हणाली. "तुम्ही वर प्यायलात ती त्याची. नासली म्हणून याने सांगितलं आणि तो ते ऐकून मेला."

गास्पारला घाम फुटला. "तेव्हा खरंच आंबली होती! देवाशपथ. तू स्वतः वास घेतलास. मला वाटलं गेली. मी टाकणारच होतो. मग ती आपली आपण सुधारली. तोपर्यंत तुला काय सांगणार होतो? आणि आनातोलला काय सांगणार होतो?"

"कधी सुधारली?"

"थंडीत."

"कधी, गास्पार?"

उलीस म्हणाला, "अरे, बोल ना."

"द्राक्षं काढून झाली तेव्हा," गास्पार पुटपुटला.

म्हणजे सप्टेंबर संपताना. आनातोल नोव्हेंबरात गेला. महिनाभर, त्याहून जास्त, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि याला माहीत होतं. एक फोन. एक बाटली उशाशी. एवढंच हवं होतं.

सोलांजला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. उलट आणखी जड झाला.

"मोठ्याने सांग," ती म्हणाली. "सगळं. हॉस्पिटलात मी तुझं ऐकून सांगितलं, तेही."

त्याने सांगितलं. अडखळत, नाक पुसत, पण सांगितलं. मादाम देलकूर शेवटपर्यंत ग्लास खाली न ठेवता ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, वाइन मी घेईन. बाटलीवर नाव कुणाचं, ते तुम्ही सांगा."

"आनातोल ग्रांव्हो."

"बास," गास्पार म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला. "त्याचंच नाव लाव. सगळी तुझी. मी एक बाटली मागणार नाही. झालं ना, सोलांज? घरातलं घरात मिटलं."

"अजून नाही."

तिने दिवा उजव्या भिंतीकडे वळवला. चार पिंपं. गास्पारची.

"ही उचल."

"उचलतो की. उन्हाळा दोनदा जाऊ दे, बाटल्या भरल्या की लगेच..."

"आज."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने पिंपावर हात ठेवला, कुणी पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. "आज कशी हलवणार? अजून मुरतायत. साय बुडेल. चारही मरतील. सोलांज, माझ्याकडे हीच आहेत. या तीन वर्षांत गारपिटीने बाकी काही ठेवलेलं नाही, तुला माहितीये."

"माहितीये."

"मारायचंय तर मला मार. यांना नको."

"तळघर माझं आहे. तुझं सामान ने. लोकांना असंच सांगतात ना, घर सोडायला लावताना?"

उलीसने तिच्या खांद्याला हात लावला. "सोलांज. वाइनने काय केलंय? चांगली होईलही. आनातोल असता तर..."

"आनातोल असता तर त्याने सोडून दिलं असतं," ती म्हणाली. "म्हणूनच याने आनातोलला लुटलं. मला कुणी विचारलंय का आजवर, मी काय करीन?"

उलीसने हात काढून घेतला.

दुपार कलली तेव्हा गास्पारचे दोन जावई ट्रॅक्टर घेऊन आले. फळ्या टाकल्या, दोर बांधले. गास्पार स्वतः प्रत्येक पिंपाला धरून चालत होता, "हळू रे, हळू, बाबांनो," म्हणत. पण पायऱ्या त्या पायऱ्याच. पिंप कललं की आतून आवाज यायचा, पोटात पाणी डुचमळावं तसा. पहिल्या पिंपाला तो आवाज आला आणि गास्पार रडायला लागला. दुसऱ्याला जावयांनी त्याच्याकडे बघायचं सोडलं. पाहुणे केव्हाच गेले होते. उलीस थांबला नाही. चीजचा तुकडा टेबलावर तसाच ठेवून निरोप न घेता निघून गेला.

सोलांज स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून चौथ्या पिंपापर्यंत ऐकत होती. एकदा, तिसऱ्याच्या वेळी, तिच्या तोंडात शब्द आला, राहू दे. तिने तो गिळला.

ट्रॅक्टर वळणाआड गेला. तिने भांड्यातली उरलेली कोंबडी गरम केली. अळंबी वेचून वर ठेवली, कॉम्तेची जाड चकती कापली, चार अक्रोड फोडले आणि आनातोलची वाइन काठोकाठ ओतली. खुर्ची ओढून बसली. गेली कित्येक वर्षं ती उभ्यानेच जेवायची, भांड्यातूनच. त्या दिवशी तिने बसून, सावकाश, सगळं संपवलं. चव होती. खरंच होती. मग आणखी एक ग्लास भरला आणि तोही प्यायली.